त्र्यंबकचा खजिना आणि तुमचा इन्कम टॅक्स

१/ ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल आणि ठाकूर यांच्या एका जमावाने त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला चढवला. दोनच महिन्यांपूर्वी नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या माणसांनी लेफ्टनंट हेन्रीला ठार केले होते. त्र्यंबकचे हल्लेखोर भोवतीच्या डोंगरांत पांगले. पुढे धरपकड झाली आणि पेठचे राजे भगवंतराव यांना फाशी देण्यात आली. ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. हा थ्रेड त्या उठावाच्या बिलाविषयी आहे.

२/ उठाव मोडून काढण्याच्या खर्चामुळे हिंदुस्थान सरकारच्या कर्जात जवळपास ४ कोटी पौंडांची भर पडली. हे पैसे भरायचे कोणी? त्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन आला. ‘इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संस्थापक. फेब्रुवारी १८६० मध्ये त्याने प्राप्तिकराचा प्रस्ताव मांडला आणि राजाने कर घेण्याला आधार म्हणून चक्क मनूचा दाखला दिला.

३/ कायदा २४ जुलै १८६० पासून लागू झाला. वर्षाला २०० रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर माफी, ५०० पर्यंत २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. उत्पन्नाचे चार वर्ग होते: जमीन, धंदा-व्यवसाय, सरकारी रोख्यांचे व्याज, पगार व निवृत्तिवेतन. आजचा रिटर्न भरताना आपण जे ‘हेड’ निवडतो त्यांचे हे पूर्वज. विल्सन मात्र ११ ऑगस्टला कलकत्त्यात आमांशाने वारला.

४/ आता त्र्यंबकचा एक तीर्थोपाध्याय डोळ्यांसमोर आणा. तो काल्पनिक आहे, पण अशी घरे तीर्थक्षेत्रांत होतीच. थोडी इनाम जमीन, यजमानांची दक्षिणा, आणि शिल्लक पैशातून दिलेले कर्ज किंवा घेतलेले सरकारी रोखे. मोहतर्फ्यासारखे धंद्यांवरचे जुने कर मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने १८४४ मध्येच उठवले होते. सोळा वर्षांनी नवा कर आला तो धंद्यावर थांबला नाही. तो घरात शिरून विचारू लागला, “एकूण मिळकत किती?” वहीखाते परक्याला दाखवणे ही त्या काळी मानहानीच होती. लोकांना रकमेपेक्षा ही चौकशीच अधिक झोंबली असावी, असे माझे मत.

५/ विरोध सरकारच्या आतूनही झाला. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने आपला निषेध जाहीर केला आणि त्यापायी त्याला परत बोलावण्यात आले. आपल्याकडे वसईत प्राप्तिकरावरून दंगा झाला, जमाव करअधिकाऱ्यावर चालून गेला. १८६२ मध्ये माफीची मर्यादा ५०० रुपयांवर गेली आणि १८६५ मध्ये मुदत संपून हा कर बंद पडला.

६/ त्याच १८६५ च्या १ जुलैला मुंबईचा शेअर बाजार कोसळला. अमेरिकन यादवीमुळे कापसाला आलेला भाव, प्रेमचंद रायचंद, बॅक बेची भरणी... त्यावर वेगळा थ्रेड हवा.

७/ मग वीस वर्षे धरसोड. लायसन्स टॅक्स, सर्टिफिकेट टॅक्स, पुन्हा प्राप्तिकर, पुन्हा लायसन्स टॅक्स (१८७८ मध्ये त्यावरून सुरतेत दंगल). अखेर १८८६ चा कायदा टिकला. ५०० रुपयांपासून रुपयामागे ४ पै, २००० च्या वर ५ पै. रुपयाच्या १९२ पै होत, म्हणजे दर फार नव्हता.

८/ या कायद्यातील खरी मोठी गोष्ट म्हणजे शेतीचे उत्पन्न वगळले गेले. जमीन सारा भरते, तिच्यावर दुसरा कर कशाला, हा युक्तिवाद. पण आपल्या उपाध्यायाच्या इनामावर पूर्ण साराही नव्हता. फार तर जुडी. तरीही ते उत्पन्न सुटले. दक्षिणा, व्याज आणि कारकुनाचा पगार मात्र अडकला. शिल्लक पैसा जमिनीत घालण्याची आपली जुनी ओढ होतीच, कायद्याने तिला बक्षीसही दिले. ही सूट आजही कायम आहे, आणि नाशिकच्या द्राक्षबागांपासून मुंबईकरांच्या ‘फार्महाऊस’पर्यंत तिचे बरेवाईट अर्थ लावले जातात.

९/ शेअर विकून झालेला नफा? जो व्यापारी नाही, त्याच्या अशा नफ्यावर कित्येक दशके करच नव्हता. भांडवली नफ्यावर पहिला कर लियाकत अली खानांच्या १९४७ च्या अर्थसंकल्पाने आणला. १९४९ मध्ये तो रद्द झाला, १९५६ च्या कायद्याने परतला. सूचीबद्ध शेअरच्या दीर्घकालीन नफ्याला २००४ मध्ये माफी मिळाली, २०१८ मध्ये १० टक्के लागले, जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखावरील नफ्यावर १२.५ टक्के. इतकी ये-जा क्वचितच दुसऱ्या कराने केली असेल.

१०/ सरकार एका हाताने कर घेते आणि दुसऱ्या हाताने तुमची बचत उसनी मागते. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, पोस्टाने कॅश सर्टिफिकेटे काढली. राष्ट्रीय बचतपत्रे ही त्यांची वंशज. आणि इथे गोष्ट पुन्हा नाशिक जिल्ह्यात येते. पूर्वी टपाल तिकिटे लंडनच्या दे ला र्यू कंपनीकडून छापून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला. टपाल तिकिटे, पावतीवरचे रेव्हेन्यू स्टँप, शेअर हस्तांतराचे स्टँप, बचतपत्रे आणि किसान विकास पत्रे तिथे छापली गेली. ‘करबचत’ म्हणून ट्रंकेत जपलेला आजोबांचा तो कागद बहुधा तिथलाच.

११/ १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअरचा कागद संपत गेला. २०१६ मध्ये छापील बचतपत्रेही थांबली आणि त्यांच्या जागी पासबुक आले. घरी जुने पत्र सापडलेच तर मागची बाजू पाहा. वठवले नसेल, तर पोस्टात चौकशी करा.