शिलालेख गेला, हत्ती गेला, वीज आली

अटल सेतूवरून शिवडीहून न्हाव्याकडे येताना उजव्या हाताला दोन टेकड्यांचं हिरवं बेट दिसतं. तेच घारापुरी. टेकड्यांच्या मधे अरुंद घळ, सर्वांत उंच माथा सुमारे दीडशे मीटरचा. काळ्या बेसाल्टवर आंबा, चिंच, करंज वाढलेले, काठाला खारफुटी. ओहोटीला पाणी मागे सरलं की चिखलाचं मैदान उघडं पडतं आणि बेट एकदम पसरल्यासारखं वाटतं. या उथळ काठामुळेच शेतबंदरला लांबलचक धक्का बांधावा लागला. लाँचमधून उतरलेल्या पर्यटकांसाठी त्यावर छोटी आगगाडी धावते.

माणसं इथे लेण्यांच्याही आधीपासून होती. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे आणि मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांच्या खापऱ्या सापडल्या आहेत. पश्चिम समुद्रातल्या व्यापाराचा हा थांबा होता, हे त्यावरून दिसतं.

पश्चिमेच्या टेकडीतलं मोठं शैव लेणं सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचं मानतात. दक्षिणेच्या भिंतीतला सदाशिव सुमारे वीस फूट उंच. समोर उभं राहिलं की डावीकडचा मुखडा रागीट, मिशाळ, हातात नाग. उजवीकडचा कोवळा, हातात कमळ. मधला डोळे मिटलेला, पूर्ण शांत. एकाच कातळातून तीन स्वभाव काढणाऱ्या त्या कारागिरांची नावं कुणाला माहीत नाहीत. हे कोरवून घेणाऱ्याचं नाव तरी कळायला हवं होतं. लेण्यात एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून लिस्बनला पाठवला आणि तिथे तो हरवला. घारापुरीचं याहून मोठं नुकसान झालेलं नाही. त्यानंतर अभ्यासकांच्या हाती अंदाजच उरले. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची हलक्या किमतीची नाणी मोठ्या संख्येने मिळाली, म्हणून बरेच जण लेण्याचं श्रेय कलचुरींना देतात. पुलकेशी दुसऱ्याच्या ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीत आरमार घालून जिंकलेल्या ‘पुरी’चा उल्लेख आहे. ती पुरी म्हणजे हेच बेट का, यावर अजून वाद आहे.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. राजबंदरजवळ त्यांना भला मोठा दगडी हत्ती दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ मध्ये त्या हत्तीची मान आणि डोकं कोसळलं. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईला नेले, १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले. आज हा हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही, हे तिथे जाणाऱ्या किती पर्यटकांना ठाऊक असेल?

१९८७ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा म्हटलं. मात्र हे बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातलं एक गावही आहे, आणि लेण्यांवरच्या लेखनात त्या गावाला फारच कमी जागा मिळते. पर्यटकांना रात्री राहता येत नाही. शेवटची लाँच गेली की राहतात ती शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांमधली माणसं.

समोरच्या न्हावा-शेव्याला १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झालं आणि तिथल्या क्रेन रात्रभर उजेडात चालू लागल्या. घारापुरीत मात्र संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा, मग अंधार. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणने वीज आणली. तिन्ही वस्त्यांत ट्रान्सफॉर्मर बसले आणि घरांना मीटर लागले.