पिसवेच्या गळ्यातला बोळा

सप्टेंबर १८९६. मुंबईतल्या मांडवी भागात एका रोग्याला तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी निदान केलं: गाठीचा प्लेग. व्हिएगस मूळचे गोव्याचे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग, उंदरांना तिथे बारमाही सुगी. बघता बघता जवळपास निम्मी मुंबई गाव सोडून गेली.

मग सुरू झाली धुलाई. गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी सोडलं गेलं, भिंतींना चुना लागला, ऊन आत यावं म्हणून घरांची कौलं उतरवली, अंथरुणं जाळली. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला माणसं घराबाहेर काढण्याचाही अधिकार दिला. पुण्यात त्याच अंमलबजावणीचा संताप २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. त्याआधी, १० मार्चला, रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. हे सगळं आपण शाळेपासून वाचत आलो. मात्र एवढं रामायण घडलं ते रोग नक्की कशाने पसरतो हे कोणालाच कळलेलं नसताना, ही गोष्ट धड्यात सहसा नसते.

खेड्यातल्या माणसाला मात्र अर्धं उत्तर ठाऊक होतं. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक बिऱ्हाड उचलून माळावर खोपटी घालत. उंदराकडून माणसाकडे रोग नेणारा मधला दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवला: पिसू. बऱ्याच विद्वानांनी त्याला मोडीत काढलं.

पक्का पुरावा उभा राहिला परळला. गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात, जिथे जंतुशास्त्रज्ञ हाफकिनची प्रयोगशाळा होती (आजची हाफकिन संस्था तीच), १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने काम चालवलं. त्यांचा एक प्रयोग अगदी आपल्या मातीतला. त्यांनी सहा खोपट्या बांधल्या, फरक फक्त छपरांत. काहींवर देशी कौलं, ज्यांत उंदीर मजेत नांदतात. काहींवर सपाट कौलं. उरलेल्यांत कौलांखाली पत्रा. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली येणार नाही, पण पिसू पडेल. खाली गिनीपिग, काही निरोगी, काही प्लेग टोचलेले. देशी कौलांखालचे निरोगी गिनीपिगही प्लेगने मेले, पत्र्याखालचे निरोगी वाचले. उंदराचा स्पर्श झालेला नसताना हे घडलं. वरून पडत होती पिसू, आणि तीच रोग्याकडून निरोग्याकडे रोग नेत होती.

तरी एक कोडं उरलं. पिसू चावते ती रक्त प्यायला. मग जंतू उलटे माणसात कसे येतात?

उत्तर दिलं आर्थर बॅकॉटने. हा लंडनचा कारकून, नोकरी सांभाळून किड्यांचा नाद जपणारा. पुढे लिस्टर संस्थेत गेला. १९१४ मध्ये त्याने आणि चार्ल्स मार्टिनने पिसवांची चिरफाड करून दाखवलं की जठराच्या तोंडाशी असलेल्या काटेरी झडपेत प्लेगचे जंतू चिकटून वाढतात आणि अखेर वाट बुजवतात. मोरीच्या तोंडाला बोळा बसावा, तसं. उपाशी पिसू पिसाळल्यासारखी पुन्हा पुन्हा चावते. प्यायलेलं रक्त बोळ्यावर आपटतं आणि जंतू घेऊन जखमेत परततं.

हा बोळा म्हणजे काय, ते कळायला नव्वद वर्षं गेली. दातांवरचं कीटण किंवा न्हाणीघरातला बुळबुळीत थर, तीच जात: बायोफिल्म. एकटेदुकटे जंतू एकमेकांना धरून स्वतःच्या चिकट साखरेच्या आवरणात वस्ती करतात. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मोंटानाच्या प्रयोगशाळेत बी. जोसेफ हिन्नेबुश आणि सहकाऱ्यांनी ठरावीक जनुकं काढून टाकली. जंतू पिसवेत जगले, पण बोळा बसला नाही. पुढे, २००४ पर्यंत, या बोळ्याची बायोफिल्म म्हणून ओळख पटली. आणखी गंमत म्हणजे पिसवेच्या थंड शरीरात हे आवरण तयार होतं. आपल्या ३७ अंशांच्या रक्तात जंतू ते बांधत नाहीत.

बोळा हीच एकमेव वाट, असंही नाही. रोग्याचं रक्त पिऊन काही दिवसच झालेली, घसा मोकळा असलेली पिसूही रोग देऊ शकते, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं. पण एकेक पिसू अनेकदा चावून जंतू ओतू लागते ती बोळा बसल्यावरच. प्लेगचा जंतू मुळात पोटाचा मामुली आजार देणाऱ्या एका जंतूचा वंशज. हिन्नेबुशच्याच गटाने २०१४ मध्ये दाखवलं की त्या पूर्वजाला पिसवेच्या गळ्यात बोळा बसवायला शिकवण्यासाठी मोजकेच जनुकीय बदल पुरतात: एक जनुक मिळवायचं, तीन निकामी करायची.

परळमध्ये पक्क्या झालेल्या शोधाला पुढचा धागा जोडणारा बॅकॉट मात्र प्लेगने गेला नाही. १९२२ साली कैरोत उवांवर काम करत असताना त्याला टायफस झाला आणि तिथेच तो वारला.