साखालिनची शिरगणती : दुर्गम प्रदेशाचे लेखन आणि चेकॉव्ह

१

विस्तीर्ण देशांच्या वाङ्मयात 'दुर्गम प्रदेश' ही केवळ भौगोलिक वस्तुस्थिती नसते. राजधानीपासूनचे अंतर आणि वाटेतील अडचणी हे तिचे दृश्य अंग. त्या प्रदेशाविषयी राजधानीत कोणते कागद जमा आहेत आणि ते कोणी लिहिले आहेत, हे तिचे दुसरे व बहुधा अधिक निर्णायक अंग होय. जेथे सहसा कोणी जात नाही अशा मुलखाबद्दल कागदांचा दुष्काळ असतोच असे नाही. पुष्कळदा तेथील माणसे मुकी असतात आणि त्यांच्यावरील अहवाल मात्र बोलके असतात. अशा मुलखात लेखक जातो तेव्हा त्याची गाठ प्रदेशाइतकीच या कागदांशीही पडते.

आंतोन चेकॉव्हचा १८९० मधील साखालिन-प्रवास आणि त्यातून सिद्ध झालेला 'साखालिन बेट' हा ग्रंथ यांचा विचार या दृष्टीने करावयाचा आहे. चेकॉव्ह आपल्याला कथाकार व नाटककार म्हणून परिचित आहे. त्यामुळे हा ग्रंथ त्याच्या चरित्रातील एक आडवळण मानण्याची, फार तर त्याच्या सामाजिक जाणिवेचा पुरावा म्हणून उल्लेखण्याची प्रवृत्ती दिसते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, या प्रवासात चेकॉव्हने शासनाचेच एक साधन, म्हणजे शिरगणतीचा तक्ता, हाती घेतले. ते प्रामाणिकपणे वापरले. आणि ते जेथे जेथे अपुरे पडले ती स्थळे ग्रंथात नोंदवून ठेवली. ग्रंथाचे वाङ्मयीन मोल त्या स्थळांत आहे.

२

रशियाच्या पूर्व टोकाला, आमूर नदीच्या मुखासमोर साखालिन उत्तर-दक्षिण पसरले आहे. त्याची लांबी सुमारे ९५० किलोमीटर. हे बेट आहे की द्वीपकल्प, याविषयी युरोपीय नकाशांत दीर्घकाळ संभ्रम होता. १७८७ मध्ये फ्रेंच नाविक ला पेरूज तेथे पोहोचला तेव्हा स्थानिक रहिवाशांनी त्याला नकाशा काढून मध्ये सामुद्रधुनी असल्याचे दाखवले होते. पुढे पाणी उथळ होत गेले, तसा तो परतला. त्याच्यामागून आलेल्या ब्रॉटन आणि क्रुझेनश्टेर्न यांनी साखालिन मुख्य भूमीला जोडलेले आहे असेच मानले. जपानी संशोधक मामिया रिन्झो याने १८०९ मध्ये ही सामुद्रधुनी ओलांडली. रशियाच्या बाजूने १८४९ मध्ये नेवेल्स्कॉय याने तिचा निर्वाळा दिला. चेकॉव्ह हा इतिहास आपल्या पहिल्याच प्रकरणात सांगतो. जे रहिवाशांना ठाऊक होते ते प्रमाण ठरण्यास साठ वर्षे लागली, ही गोष्ट ग्रंथाच्या उंबरठ्यावरच वाचकाच्या लक्षात येते.

१८६९ पासून या बेटाचा उपयोग सक्तमजुरीच्या वसाहतीसाठी होऊ लागला. १८७५ च्या कराराने जपानने आपला हक्क सोडला आणि संपूर्ण बेट रशियाकडे आले. कल्पना अशी होती की, कैद्याने आधी सजा भोगावी, नंतर वसाहतकरी म्हणून जमीन कसावी आणि काळाने शेतकरी व्हावे. शिक्षा आणि वसाहत ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून करून घ्यावयाची ही योजना कागदावर नीटनेटकी दिसत असे.

३

निघताना चेकॉव्ह तीस वर्षांचा होता. १८८८ चे पुश्किन पारितोषिक त्याला मिळाले होते. भाऊ निकोलाय क्षयाने १८८९ मध्ये निवर्तला होता, आणि स्वतः चेकॉव्हलाही रक्ताच्या गुळण्या होऊ लागून काही वर्षे झाली होती. स्नेह्यांना हा बेत अनाकलनीय वाटला. त्याने दिलेल्या कारणांपैकी एक लक्षणीय आहे : वैद्यकशास्त्राचे आपण देणे लागतो, शे-दोनशे पाने लिहून त्यातले थोडे फेडावे. प्रवासापूर्वी त्याने ६५ ग्रंथ व लेखांची सूची तयार केली. बहीण मारिया ग्रंथालयातून उतारे उतरवून आणीत असे. वाचन जसजसे वाढले तसतसा, बेट न पाहता त्यावर लिहिणाऱ्यांविषयीचा त्याचा वैतागही वाढला.

२१ एप्रिल १८९० रोजी (तत्कालीन रशियन पंचांगानुसार) त्याने मॉस्को सोडले. ट्रान्स-सायबेरियन लोहमार्गाचे काम १८९१ मध्ये सुरू झाले. म्हणजे हा प्रवास त्या रस्त्याच्या अखेरच्या आगगाडीपूर्व दिवसांतला. व्होल्गा आणि कामा नद्यांतून बोटीने, त्यूमेनपर्यंत आगगाडीने, आणि तेथून स्रेतेन्स्कपर्यंत घोडागाडीने तो गेला. एकट्या घोडागाडीचे अंतर चार हजार वेर्स्तांहून अधिक भरले. वेर्स्त म्हणजे किलोमीटरहून किंचित जास्त. इर्तिश नदीला पूर, फुटलेले रस्ते, थंडी यांची वर्णने त्याने वाटेवरून 'नोवोये व्रेम्या' या वृत्तपत्राला पाठवलेल्या पत्रांत आहेत. आमूरवरून लिहिलेल्या एका पत्रात, येथे माणसे मोठ्याने बोलायला भीत नाहीत, कारण पकडायला कोणी नाही आणि याहून दूर हद्दपार करायला जागाच उरलेली नाही, अशा आशयाचे निरीक्षण त्याने केले आहे. दुर्गमतेला स्वातंत्र्याचीही एक बाजू असते, हे त्याने टिपले. ११ जुलै रोजी तो साखालिनच्या आलेक्सान्द्रोव्स्क येथे उतरला.

येथे एक संरचनात्मक गोष्ट नमूद केली पाहिजे. सायबेरियातील पत्रांत प्रवासी हा नायक आहे. त्याचे भिजलेले बूट, त्याची भीती, त्याचा विनोद यांना तेथे स्थान आहे. 'साखालिन बेट'मध्ये तो हळूहळू मागे सरतो. प्रारंभीची प्रकरणे मार्गक्रमणेच्या क्रमाने जातात. पुढे तोच ग्रंथ लोकसंख्या, स्त्रिया, मुले, अन्न, शिक्षा, पलायन अशा विषयांनुसार मांडला जातो. प्रवासवृत्त संपते आणि दुसरेच काही सुरू होते. हा बदल ज्या कृतीमुळे घडला ती म्हणजे शिरगणती.

४

बेटावरील पोलीस खात्याच्या छापखान्यात त्याने पत्रिका छापून घेतल्या. एका माणसाची एक पत्रिका. वस्तीचे नाव, घराचा क्रमांक, कैदी की वसाहतकरी हा दर्जा, नाव, वय, धर्म, जन्मस्थान, साखालिनवर आल्याचे वर्ष, व्यवसाय, अक्षरओळख, विवाहविषयक स्थिती, सरकारी मदत. स्त्रीची पत्रिका असेल तर तो तीवर तांबड्या पेन्सिलीची रेघ ओढी. तीन महिन्यांत सुमारे दहा हजार माणसांची नोंद केल्याचे त्याने सांगितले आहे. त्यांपैकी सात हजारांवर पत्रिका टिकल्या असून, त्यांचा मजकूर २००५ मध्ये साखालिनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

अधिकाऱ्यांनी मदतनीस देऊ केले. ते त्याने क्वचितच घेतले. कारण त्याने स्वतःच स्पष्ट केले आहे : या कामातून निघणारे आकडे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता, गणती करताना मनावर जे ठसे उमटतात ते त्याला हवे होते. शिरगणती हे त्याच्या लेखी दारे उघडण्याचे निमित्त होते. तो झोपडी-झोपडीतून जाई. कधी एखादा कैदी वा वसाहतकरी केवळ कंटाळा घालवायला वाटाड्या होई. अनवाणी, बोडक्या डोक्याचा तो माणूस हातात चेकॉव्हची दौत घेऊन पुढे धावे आणि गणतीविषयीचे आपले तर्क घरमालकाच्या कानी घाली. कधी पिस्तूलधारी पहारेकरी सावलीसारखा मागून येई.

तक्त्याचे रकाने मात्र सरळ भरत नसत. बेटावर कोणत्या वर्षी आलात, हा वरवर पाहता सर्वांत सोपा प्रश्न. त्याचे उत्तर चटकन कोणालाच देता येत नसे. स्त्री अंदाजाने एक वर्ष सांगे, तिच्याबरोबर राहणारा पुरुष ते खोडून दुसरे सांगे, शेजारी तिसरे. चेकॉव्ह या विस्मरणाला अज्ञान म्हणत नाही. ज्या वर्षी आयुष्याचा घात झाला ते वर्ष मनाने धरून ठेवलेलेच नसते, असा त्याचा रोख आहे. नावाच्या रकान्यातही हेच. पळून जाऊन पुन्हा पकडले गेलेले कित्येक जण आपले मूळ लपवण्यासाठी 'न आठवणारा' हेच आडनाव लावीत. शासनाच्या नोंदीला दिलेला हा नकार शासनानेच नाव म्हणून नोंदवून घेतला होता.

याचे सर्वांत तीव्र उदाहरण वरचे आर्मुदान या वस्तीतील एका मुलाचे आहे. वय दहाच्या आसपास, घरात दुसरे कोणी नाही. वडिलांचे नाव त्याला सांगता येत नाही, कारण घरातला पुरुष त्याचा खरा बाप नव्हे. आई विधवा आहे आणि ती येथे नवऱ्यापायी आली, असे तो सांगतो. साखालिनवर हे उत्तर नेहमीचेच होते. शिक्षा झालेल्या पतीच्या मागे स्वेच्छेने येणाऱ्या बायकांचा तेथे वेगळा वर्गच होता. चेकॉव्ह अर्थ विचारतो तेव्हा मूल सांगते की तिने नवऱ्याला मारले. हे सारे ते विनासंकोच, माहिती द्यावी तसे देते. विवाहविषयक स्थितीच्या रकान्यात 'विधवा' एवढेच लिहिता येते, आणि ते खोटेही नसते. तक्ता अचूक भरला जाऊनही वस्तुस्थिती त्याच्या बाहेर राहते. लेखकाने त्यावर भाष्य केलेले नाही. प्रश्न आणि उत्तरे एवढेच ठेवले आहे. पुढील काळातील त्याच्या नाटकांतल्या संवादांचा विचार करणाऱ्यांनी हे प्रश्नोत्तर अवश्य वाचावे.

चेकॉव्हने आकडे टाकून दिलेले नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे. जमीन कसणारे किती, कुटुंबे खरी किती आणि नावापुरती किती, मुले किती, हे तो चिकाटीने मांडतो आणि सुधारणेची योजना त्या आकड्यांनीच पोकळ ठरवतो. प्रोखोरोव्ह नावाच्या कैद्याला नव्वद फटके मारले जातानाचे त्याचे वर्णनही मोजणीच्याच लयीत चालते. मोजणी हे तेथे शिक्षेचे साधन आहे आणि साक्षीचेही.

५

ग्रंथ 'रुस्काया मिस्ल' या मासिकात १८९३-९४ मध्ये क्रमशः आला. शेवटची चार प्रकरणे मासिकात येऊ शकली नाहीत. पलायनावरील प्रकरण त्याआधीच १८९१ मध्ये दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ निघालेल्या संग्रहात छापले गेले होते. १८९५ मध्ये सर्व २३ प्रकरणांचे पुस्तक निघाले. साखालिनची शिक्षावसाहत १९०६ मध्ये रद्द झाली. १९०५ च्या पराभवानंतर बेटाचा दक्षिण भाग जपानकडे गेला होता, हे त्याचे मोठे कारण. ग्रंथाचा परिणाम सांगताना हा संदर्भ विसरून चालत नाही.

ग्रंथाला मर्यादा आहेत आणि त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. राजकीय कैद्यांशी संपर्क ठेवू नये, अशी अट चेकॉव्हवर होती. त्यामुळे पुस्तकात त्यांना जवळजवळ स्थान नाही. गिल्याक (आजचे निव्ख) व ऐनू यांच्याविषयी त्याने सहानुभूतीने लिहिले. पळपुटे कैदी पकडण्यासाठी गिल्याकांच्या हाती शस्त्र देण्याच्या प्रथेवर त्याने टीका केली. पण तीन महिन्यांच्या पाहुण्याला त्यांची भाषा येणे शक्य नव्हते, आणि त्याच्या पत्रिका हद्दपारांच्या वस्त्यांसाठी होत्या.

ही दोन्ही उणिवांची जागा एकाच वेळी भरून निघाली, आणि ती ज्यांना भेटण्यास त्याला मनाई होती त्यांच्याकडून. लेव्ह श्टेर्नबेर्ग हा राजकीय कैदी १८८९ पासून साखालिनवर होता. निव्ख लोकांच्या नातेव्यवस्थेचा त्याने तेथेच अभ्यास केला. ब्रोनिस्लाव पिल्सुद्स्की १८८७ मध्ये सक्तमजुरीवर आला. त्याने ऐनूंची भाषा आत्मसात केली, त्यांच्या मौखिक वाङ्मयाचे मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण केले आणि १९१२ मध्ये क्राकोव येथून ऐनू भाषा व लोकसाहित्याची साधने प्रसिद्ध केली. पुढे निव्ख समाजातूनच व्लादिमिर सांगी (जन्म १९३५) हा कादंबरीकार उदयाला आला. येऊन परतणारा, आणून ठेवलेला आणि तेथलाच असलेला, असे एकाच बेटाच्या लेखनाचे तीन टप्पे येथे दिसतात. पहिला मोजतो आणि विचारतो, दुसरा भाषा शिकतो, तिसऱ्याला विचारण्याची गरज नसते.

६

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला या त्रिविध विभागणीचा उपयोग आहे. अंदमानची शिक्षावसाहत १८५८ मध्ये सुरू झाली, आणि सजेचा काही काळ भोगलेल्या कैद्याला स्वतःच्या कमाईवर बेटावर वसवण्याची पद्धत तेथेही होती. मराठीत त्या बेटाचे सर्वपरिचित लेखन वि. दा. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' (१९२७) या ग्रंथाचे, म्हणजे आणून ठेवलेल्याचे, आहे. रशियन साहित्यात जो मान पाहुण्या डॉक्टरच्या ग्रंथाला मिळाला तो येथे कैद्याच्या आत्मकथनाला मिळाला. दोन्ही वाङ्मयांच्या कारागृहविषयक कल्पनेत फरक का पडतो, याचे एक उत्तर येथे शोधता येईल. पाहुण्या डॉक्टरचेही उदाहरण आपल्याकडे आहे. डॉ. अनिल अवचट (निधन २०२२) यांचे पहिले पुस्तक 'पूर्णिया' (१९६९) बिहारमधील एका दूरच्या जिल्ह्याविषयी आहे, आणि मराठी रिपोर्ताजच्या इतिहासात त्याचे स्थान आरंभबिंदूजवळ आहे. चेकॉव्हशी त्याचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु तपासण्याची सवय असलेला माणूस दूरच्या मुलखात गेला की तो दृश्यापेक्षा लक्षणांकडे आधी पाहतो, हे साम्य तुलनेला पुरेसे आहे.

जे परत जाऊ शकत नाहीत त्यांच्याविषयी परत जाणाऱ्याने लिहावे काय, हा प्रश्न असे सर्व लेखन मागे ठेवते. चेकॉव्हने त्याला सिद्धान्ताने उत्तर दिले नाही. त्याने पत्रिका छापल्या, दार ठोठावले आणि प्रत्येकाला त्याचे नाव विचारले. ज्यांनी नाव सांगायचे नाकारले त्यांचा नकारही लिहून घेतला. परतल्यावर बेटावरच्या शाळांसाठी त्याने पुस्तके गोळा करून पाठवली. पाहुण्याच्या हाती जेवढे असते तेवढे त्याने केले, आणि त्यापलीकडचे आपण जाणतो असा आव आणला नाही. दुर्गम प्रदेशांवर आजही लेखन होत आहे. ते वाचताना, कोणते प्रश्न विचारले गेले, कोणाच्या भाषेत, आणि कोणता रकाना कोरा राहिला, एवढे तपासण्याची दृष्टी या ग्रंथातून घेता येते.