मद्रासचा प्रयोग
क्षयरोग्याला मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामात ठेवायचे, विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा द्यायची, हा पूर्वीचा सर्वमान्य उपचार. पण खाटा थोड्या आणि रोगी अफाट. १९५६ मध्ये मद्रासला (आजचे चेन्नई) क्षयरोग रासायनिक उपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम, प्रमुख डॉ. वॉलेस फॉक्स. शहरातल्या गरीब वस्त्यांतील १९३ रोग्यांची, डॉक्टरांच्या आवडीनिवडीला वाव न ठेवता, यदृच्छेने दोन गटांत विभागणी झाली. काहींना आरोग्यधामात, बाकीच्यांना घरीच उपचार. औषधे दोन्हीकडे तीच, आयसोनियाझिड व पास (पॅरा-अमिनो सॅलिसिलिक ॲसिड), वर्षभर. घरी राहिलेल्या रोग्यांचा आहार निकृष्ट, कित्येकजण कामावरही जात. तरी वर्षाअखेर रोग शमल्याचे प्रमाण आरोग्यधामात सुमारे ९२ टक्के, घरी ८६ टक्के! निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या यशाचे श्रेय केवळ औषधांना देता येईल, पण ते अपुरे वाटते. परिचारिका व हेल्थ व्हिजिटर न कळवता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीचे नमुने तपासणीसाठी आणत. या कष्टांवाचून घरच्या उपचारांचा आकडा विश्वासार्ह ठरलाच नसता. कुटुंबीयांवरही पुढे पाच वर्षे लक्ष ठेवले गेले : रोगी घरी राहिल्याने त्यांच्यात क्षयाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही.