बसऱ्याला गेलेल्या आजोबांचा माग

पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं आपण हिंगोलीकर रोज घेतो. रिक्षावाल्याला सांगतो, पत्त्यात लिहितो. पण ही नावं आली कुठून, असं नवीन पिढीला विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. हिंगोली ही एके काळी फौजेची छावणी होती. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज इथं मुक्कामाला असे. १९०३ साली ती इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणी उठली. माणसं गेली, पेठांची नावं तेवढी राहिली.

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ म्हटलं, तेव्हा आधी मला हीच नावं आठवली. कारण फौजेत गेलेल्या माणसाचं नाव मागे राहणं किती अवघड असतं, हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. बँकेच्या बदलीनं हिंगोलीत आलो आणि इथलाच झालो. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, घरात त्यांना थोरले आबा म्हणत, पहिल्या महायुद्धाच्या आधी मराठा पलटणीत भरती झाले होते. ते ‘बसऱ्याच्या लढाई’ला गेले आणि परत आले नाहीत. घरात एवढीच माहिती. त्यांचा फोटो नाही, पत्र नाही.

थोरल्या आजीला सरकारी पेन्शन मिळायचं. अंगठा करून ती पैसे घ्यायची, पण कपाळाचं कुंकू तिनं शेवटपर्यंत पुसलं नाही. “मला कुणी त्याची माती दाखवली नाही,” असं म्हणायची. भावकीत मात्र वेगळीच कुजबुज होती. तो पलटण सोडून पळाला, तिकडेच दुसरं घर करून राहिला, असं लग्नकार्यात कुणी ना कुणी बोलायचंच. आजी ते ऐकायची आणि पंगतीत वाढत राहायची. तिच्या हयातीत थोरल्या आबांचा म्हाळ घालायची कुणाची छाती झाली नाही. ती गेल्यावर सर्वपित्री अमावस्येला घालू लागले, कारण तिथी कुणालाच ठाऊक नव्हती.

सेवानिवृत्तीनंतर मी हा प्रश्न हातात घेतला. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते, ती म्हणजे नुसत्या नावावर खातं सापडत नाही, नंबर लागतो. एका शाखेत एकाच नावाचे चार खातेदार असतात, तर पलटणीत किती असतील! शिवाय इंग्रजी कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलेलं. आमच्या आडनावाची पाच स्पेलिंगं करून पाहिली, काही हाती लागलं नाही.

नंबर मिळाला तो गावाकडच्या पेटीत. त्या युद्धातल्या शिपायांना साधारण तीन पदकं मिळत. त्यातलं एक चांदीचं. ते आमच्याकडे कधीच मोडलं गेलं होतं. कुणा बाळाच्या वाळ्यांत गेलं असं चुलती सांगते. उरलं ते ‘१९१४-१५’ असं लिहिलेलं चांदणीच्या आकाराचं ब्राँझचं पदक. सोनाराच्या लेखी त्याला किंमत नव्हती, म्हणूनच ते वाचलं. पाठीमागे बारीक अक्षरं कोरलेली होती. बँकेत सह्या पडताळायला वापरायचो ते भिंग काढलं आणि वाचलं. नंबर, शिपाई, नाव आणि ‘११७ मराठा’.

आता पलटण कळली आणि तिचा इतिहास छापील आहे. मेजर जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या सहाव्या डिव्हिजनला पूना डिव्हिजन म्हणत. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या वाटेवर टेसिफोन इथं मोठी लढाई झाली. तिथून माघार घेऊन ही फौज ३ डिसेंबरला तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा गावी पोचली आणि चार दिवसांत तुर्कांनी तिला वेढलं. वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेली फौज पोचू शकली नाही. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, तीही पुरली नाहीत. घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. आपल्या शिपायांनी कितीतरी दिवस त्या मांसाला हात लावला नाही. अर्धपोटी राहिले, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, पण पहारे सोडले नाहीत. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेनं शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यांत बहुसंख्य हिंदी होती.

टाउनशेंडसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना भर उन्हात, फाटक्या बुटांनी, शेकडो मैल चालवत नेलं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना आज सीरिया-तुर्कस्तानच्या सरहद्दीवर असलेल्या रास अल-ऐन इथं बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. भूक, हगवण, ताप यांनी माणसं वाटेत आणि कामावर पडत गेली. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून जास्त कैदेत मेले, हिंदी शिपाईही हजारोंनी मेले.

युद्धात मेलेल्यांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ठेवतो. ही संस्था १९१७ पासून आहे आणि तिची यादी आता इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. नातवाला बाजूला बसवलं आणि नावाऐवजी पलटणीवरून शोधायला सांगितलं. बसरा स्मारकाखालची ११७ मराठाची यादी आम्ही एकेक करून खाली आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातू म्हणाला, “आबा, हा नंबर बघा.” नावाचं स्पेलिंग आम्ही कल्पनाही केली नसती असं होतं. पण नंबर तोच. खाली वडिलांचं नाव, आमचं गाव, जिल्हा सातारा. आणि मृत्यूची तारीख ऑक्टोबर १९१६ मधली.

बँकेच्या भाषेत बोलायचं तर ताळा जुळला. शरणागती एप्रिलमधली, मृत्यू ऑक्टोबरमधला. म्हणजे वेढ्याचे सगळे दिवस काढून, कैदेत पाच-सहा महिने जगून थोरले आबा गेले. पळाले नाहीत, घर केलं नाही. ती नोंद छापून मी गावी पाठवली आणि चुलतभावाने ती भावकीच्या बैठकीत मोठ्याने वाचली. बोलणारे बहुतेक केव्हाच गेले होते, पण त्यांची मुलं-नातवंडं होती. त्यांनी ऐकलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. १९२९ साली उघडलेलं ते बसरा स्मारक थडगं न सापडलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचं आहे. त्याच्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा घातला. खुद्द आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हे मान्य केलं आणि माफी मागितली. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकी मृतांना बरोबरीचा मान मिळाला नाही, असा त्यांचाच अंदाज आहे. आमच्या थोरल्या आजीला “माती दाखवा” म्हणण्याचा पुरेपूर अधिकार होता.

आता आपल्या हिंगोलीबद्दल. रिसाला, पलटण भागांतल्या जुन्या घरांतले कुणी फौजेत असतील, तर त्यांचा माग हैदराबादेत शोधू नका. कंटिंजंटच्या पायदळ पलटणींची १९२२ साली १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं. तिचं केंद्र उत्तराखंडात रानीखेतला आहे. याच रेजिमेंटची चौथी पलटण मलायात लढली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर तिचे उरलेले जवान जपान्यांच्या कैदेत गेले. घोडदळाचा वारसा डेक्कन हॉर्सकडे आहे. १४ जुलै १९१६ रोजी त्यांनी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर घोड्यावरून भाल्यांनी चढाई केली होती. मराठा पलटणींची चौकशी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राकडे करावी. सिंगापूरकडे बेपत्ता झालेल्यांची नावं तिथल्या क्रांजी स्मारकावर आहेत, आणि ती आयोगाच्या यादीतही मिळतात.

सभासद बंधू-भगिनींना एवढीच विनंती की दिवाळीच्या साफसफाईत जुनं पदक, पेन्शनचं पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद निघाला, तर भंगारात किंवा मोडीत देऊ नका. गोल पदकाची कड आणि चांदणीची पाठ भिंगाने वाचा. नंबर, हुद्दा, पलटण वहीत उतरवा, सोबत बापाचं नाव आणि गाव लिहा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला या दिवाळीतच विचारा, पुढच्या नको. पुढचा शोध घ्यायला मदत लागली तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. भिंग माझ्याकडे आहे, संगणक नातवाचा आहे.