मदरबोर्डवरचे जंपर कुठे गेले?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. आजचा विषय मदरबोर्ड.

समजा, तुम्ही एका कंपनीचा मदरबोर्ड घेतलात, दुसऱ्या कंपनीचं कॅबिनेट, तिसरीचा एसएमपीएस आणि चौथीची रॅम. या चौघींनी तुमच्यासाठी एकत्र बसून काही ठरवलेलं नाही. तरी बोर्डाची भोकं कॅबिनेटमधल्या पितळी स्टँडऑफवर बरोब्बर बसतात. २४ पिनांचा प्लग एकाच बाजूने आत जातो. बटण दाबलं की स्क्रीन उजळते. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ बघून अकरावी-बारावीतली मुलं हे करतात.

आपल्याला वाटतं, हे असंच असणार ना! पण हे आपोआप झालेलं नाही. यामागे जवळपास १५ वर्षांची ओढाताण आहे, आणि त्यात एकदा चक्क चांगलं तंत्रज्ञान हरलेलं आहे. ते का हरलं, हे कळलं की आजचा लॅपटॉप विकत घेताना आपण काय देतो आणि काय घेतो, तेही कळतं.

दोन स्विचपट्ट्या आणि एक जाडजूड पुस्तक

१२ ऑगस्ट १९८१. आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या एका छोट्या टीमने तो साधारण वर्षभरात उभा केला होता. आयबीएमसारख्या अवाढव्य कंपनीसाठी हा वेग अजबच होता. तो जमला, कारण टीमने बहुतेक भाग बाजारातूनच उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची.

त्याच्या मदरबोर्डवर (आयबीएम त्याला ‘सिस्टिम बोर्ड’ म्हणायची) प्रत्येकी आठ बारीक स्विचेसच्या दोन पट्ट्या होत्या. डिप स्विच. मशीनमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह किती, मेमरी किती, स्क्रीन कोणत्या प्रकारची, गणिताची वेगळी चिप लावली आहे की नाही, हे सगळं तुम्ही पेनाच्या टोकाने स्विच खाली-वर करून मशीनला सांगायचं. मेमरी वाढवली आणि स्विच बदलला नाही, तर मशीनच्या लेखी ती मेमरी नव्हतीच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले आज कॉन्फिग फाइल लिहितो. तेव्हाची कॉन्फिग फाइल ही अशी हाताने हलवायची होती.

पण त्या पीसीबरोबर आयबीएमने आणखी एक गोष्ट विकायला ठेवली, टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल. त्यात बोर्डाचे सर्किटचे नकाशे होते, स्लॉटच्या प्रत्येक पिनेची माहिती होती, आणि बायोसचा संपूर्ण सोर्स कोड छापलेला होता. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेला तो प्रोग्रॅम, जो मशीन चालू होताच सगळ्यात आधी धावतो. उद्देश सरळ होता. बाहेरच्या लोकांनी आपल्या पीसीसाठी कार्डं आणि सॉफ्टवेअर बनवावं.

लोकांनी कार्डं बनवलीच. मग काहींनी अख्खा पीसीच बनवला.

बायोस न बघता बायोस

अडचण एकच होती. बाकी भाग बाजारात मिळत होते, पण बायोसवर आयबीएमचा कॉपीराइट होता. कोड पुस्तकात छापलेला होता, पण तो उतरवून घेतला की कोर्टाची पायरी चढावी लागणार.

ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने यावर तोड काढली. एका गटाने आयबीएमचा बायोस काय-काय करतो, याचं नुसतं वर्णन लिहायचं. दुसऱ्या गटाने तो कोड कधीही डोळ्यांनी न बघता, फक्त त्या वर्णनावरून नवा बायोस लिहायचा. याला ‘क्लीन रूम’ पद्धत म्हणतात. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आपला उचलून नेता येणारा पीसी जाहीर केला, आणि विक्रीच्या पहिल्याच वर्षी, १९८३ मध्ये, ११.१ कोटी डॉलरचा धंदा केला.

कॉम्पॅकने हा बायोस स्वतःपुरता ठेवला. पण १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने याच पद्धतीने आपला बायोस लिहिला आणि तो ज्याला हवा त्याला विकायला सुरुवात केली. आता नकाशे होते, चिप्स होत्या, बायोसही विकत मिळत होता. म्हणजे मदरबोर्ड कुणीही बनवू शकत होतं. तैवानमध्ये १९८६ मध्ये गिगाबाइट आणि एमएसआय सुरू झाल्या, १९८९ मध्ये असूस. आज दुकानात बोर्ड मागितलात, तर बहुतेक वेळा याच तिघींपैकी एकीचा खोका समोर येतो.

आपल्याकडचा ‘असेंबल्ड’ पीसीही याच रस्त्याने आला. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एसपी रोड, हे बाजार सुट्या भागांवर उभे राहिले. आणि सुटे भाग एकमेकांना जुळतात, म्हणूनच असा बाजार भरू शकतो.

आयआरक्यूची मारामारी

या मोकळेपणाची किंमत मात्र वापरणाऱ्याला मोजावी लागत होती.

तुमच्या पीसीतल्या प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला हाक मारावी लागते, ‘माझ्याकडे डेटा आलाय, बघ जरा.’ या हाकेसाठी एक तार लागते, तिचा नंबर म्हणजे आयआरक्यू. पहिल्या पीसीत अशा ८ तारा होत्या. १९८४ च्या पीसी-एटी मॉडेलमध्ये १६ झाल्या, पण त्यातल्या बऱ्याच आधीच वाटून टाकलेल्या. ० घड्याळाची, १ कीबोर्डची, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची. माउस किंवा मॉडेम ३ किंवा ४ वर.

आता तुम्ही साउंड कार्ड आणलंत आणि तेही ७ वर सेट करून आलेलं आहे. दोघांनी एकच तार धरली की गाणं अडकणार, नाहीतर प्रिंटर गप्प बसणार, नाहीतर मशीनच थिजणार. मग कॅबिनेट उघडा, कार्ड बाहेर काढा, त्यावरचा जंपर उपसून शेजारच्या पिनांवर लावा. जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी प्लॅस्टिकची इवलीशी टोपी. ती टेबलाखाली पडली की शोधत बसा! त्यानंतर प्रत्येक गेमला वेगळं सांगा, साउंड कार्ड पत्ता २२० वर आहे, आयआरक्यू ५, डीएमए १. कोणत्या कार्डाला कोणता नंबर दिलाय, याचा कागद लोक कॅबिनेटच्या आतच चिकटवून ठेवायचे.

वीज जोडणंसुद्धा असंच. जुन्या एटी बोर्डांना एसएमपीएसमधून दोन वेगळे प्लग यायचे, पी८ आणि पी९. ते शेजारी-शेजारी बसायचे आणि अदलाबदल होऊ शकायची. नियम एकच, दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट झालं, तर बोर्ड जळू शकत होता.

चांगलं तंत्रज्ञान हरलं

आता गंमत ऐका. या सगळ्यावरचा इलाज १९८७ मध्येच तयार होता, आणि तो खुद्द आयबीएमनेच काढला होता.

२ एप्रिल १९८७ ला आयबीएमने पीएस/२ ही नवी मालिका आणली. तिच्यातल्या स्लॉटचं नाव मायक्रो चॅनल. प्रत्येक कार्डाला स्वतःचा ओळख क्रमांक. कार्ड लावायचं, त्याच्याबरोबर आलेली फ्लॉपी घालायची, आणि कुणाला कोणती तार द्यायची ते सॉफ्टवेअर ठरवणार. जंपर नाहीत, डिप स्विच नाहीत. शिवाय वेग जास्त, आणि दोन कार्डांना एकच आयआरक्यू वाटून घेता यायचा. इंजिनिअर म्हणून बघितलं, तर हे जुन्या स्लॉटपेक्षा उघडउघड सरस होतं.

पण या वेळी आयबीएम पुस्तक छापून मोकळी झाली नाही. मायक्रो चॅनल वापरायचं तर लायसन्स घ्या आणि रॉयल्टी भरा. आणि लोकांकडची जुनी कार्डं त्या स्लॉटमध्ये बसतच नव्हती.

सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी अशा नऊ कंपन्या एकत्र आल्या. एरवी या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. ‘गँग ऑफ नाइन’ असं त्यांचं नावच पडलं. त्यांनी ईआयएसए नावाचा आपला स्लॉट जाहीर केला, ज्यात जुनी कार्डंही बसायची. आयबीएमच्या जुन्या एटी स्लॉटला ‘आयएसए’, म्हणजे ‘इंडस्ट्री स्टँडर्ड’, हे नावही याच कंपन्यांनी दिलं. नावातूनच सांगितलं की हा आता आयबीएमचा राहिलेला नाही, सगळ्या धंद्याचा आहे.

ईआयएसए स्वतः महाग पडला आणि मुख्यतः सर्व्हरपुरता उरला. पण मायक्रो चॅनलही घराघरांत पोचलं नाही. पुढची काही वर्षं लोकांनी सोय नाकारली आणि जंपर उपसत राहिले. कारण जंपरवाल्या बोर्डाचं कार्ड गल्लीतल्या कोणत्याही दुकानात मिळायचं, आणि तेही स्वस्तात.

सोय आली, पण सगळ्यांना मिळून

१९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणलं. मायक्रो चॅनलमधली मुख्य कल्पना इथे होती, की कार्डाने स्वतःची ओळख सांगायची. फरक असा की पीसीआयचा कारभार अनेक कंपन्यांच्या एका गटाकडे गेला. इंटेलचा स्वार्थ होताच. जुन्या संथ स्लॉटमुळे त्यांच्या नव्या वेगवान प्रोसेसरचा उपयोगच झाला नसता.

हे तुम्ही आत्ता बघू शकता. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, एखाद्या इंटेल डिव्हाइसच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा. कंपनीच्या जागी ८०८६ दिसेल. इंटेलने आपला ओळख क्रमांक म्हणून आपल्याच १९७८ च्या प्रोसेसरचा नंबर घेतलाय! मशीन चालू होताना बायोस प्रत्येक स्लॉटला ‘तू कोण?’ विचारतो, असे नंबर वाचतो आणि पत्ते व तारा वाटून देतो. जंपरचं काम ते हेच.

१९९५ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. जुलैत इंटेलने एटीएक्स हे बोर्डाचं नवं माप जाहीर केलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. स्क्रूची भोकं कुठे, मागची पोर्टं कुठे, सगळं ठरलेलं, आणि पी८-पी९ च्या जागी २० पिनांचा एकच प्लग, जो उलटा बसतच नाही. ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं आणि ‘प्लग अँड प्ले’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. सुरुवातीला ते इतकं बेभरवशाचं होतं की लोक त्याला ‘प्लग अँड प्रे’ म्हणायचे, लावा आणि देवाचं नाव घ्या. हळूहळू ते सुधारलं.

वीज-प्लगच्या पुढे २४ पिना झाल्या, पण एटीएक्सचं माप आजही तेच आहे. २००४ च्या सुमाराला खुद्द इंटेलने बीटीएक्स नावाचं नवं माप आणायचा प्रयत्न केला. बाजाराने ते घेतलं नाही. एकदा ठरलेलं सगळ्यांचं झालं, की ज्याने ठरवलं त्यालाही ते एकट्याने बदलता येत नाही.

मग जंपर पूर्ण गेले का? नाही. आजच्या बहुतेक बोर्डांवर बायोसचं सेटिंग पुसायला ‘क्लिअर सीमॉस’च्या दोन पिना असतातच. आणि थोडं कॉन्फिगरेशन अजून आपल्याच हातात आहे. ६००० ची डीडीआर५ रॅम घेतलीत, तरी ती आधी ४८०० किंवा तशाच एखाद्या साध्या वेगाने चालते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, तेव्हा पैसे वसूल होतात. पीसी बांधला असेल आणि हे केलं नसेल, तर आज जरूर बघा.

पुन्हा तोच सौदा

आता लॅपटॉपकडे या. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ आणला. त्यात रॅम प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच बसवलेली. अंतर कमी, म्हणून वीज कमी आणि वेग जास्त. हा फायदा खराखुरा आहे, नुसती जाहिरात नाही. पण ८ जीबीचं मशीन घेतलंत, तर ते कायम ८ जीबीचंच राहणार. इतर कंपन्यांच्या पातळ लॅपटॉपमध्येही रॅम सोल्डर केलेली असणं आता नेहमीचं झालंय.

मला यात १९८७ दिसतं. सरस तंत्रज्ञान, पण एकाच दाराने मिळणारं. तेव्हा लोकांनी नाही म्हटलं, कारण शेजारच्या दुकानात दुसरा पर्याय होता आणि त्यांच्याकडे जुनी कार्डं होती. आज आपण चटकन हो म्हणतो, कारण बऱ्याच जणांनी मशीन कधी उघडलेलंच नसतं, त्यामुळे काय जातंय ते दिसत नाही. हो म्हणायला हरकत नाही. फक्त काय देऊन काय घेतोय, ते माहीत असावं. म्हणून लॅपटॉप घेताना एकच प्रश्न विचारा, ‘यात रॅम आणि एसएसडी नंतर बदलता येते का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढच्या पाच वर्षांना पुरेल एवढी आत्ताच घ्या.

आणि एक शेवटचं. लॅपटॉप सहज दुरुस्त करता यावेत म्हणून ओळखली जाणारी फ्रेमवर्क ही कंपनी. २०२५ मध्ये तिने एक छोटा डेस्कटॉप आणला, आणि त्यातही रॅम सोल्डर केलेली आहे, कारण त्या प्रोसेसरला लागणारा मेमरीचा वेग सुट्या रॅममधून मिळत नव्हता. पण त्याचा बोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा आहे, आणि त्याची चार भोकं एटीएक्सच्या भोकांशी जुळतात. म्हणजे तो बोर्ड काढून तुम्ही कुठल्याही साध्या कॅबिनेटमध्ये बसवू शकता. रॅम गेली, भोकं राहिली!

तुमच्या घरात जुना डेस्कटॉप पडला असेल, तर वायर काढून, बाजूचा पत्रा उघडून त्याचा बोर्ड बघा. काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.