शब्दबोध : 'रेक्स' ते 'रिव्होल्यूशन'
'रीगल' (राजेशाही), 'रीजंट' (राजाच्या वतीने कारभार पाहणारा) आणि 'रिजीम' (राजवट) या इंग्रजी शब्दांचे मूळ लॅटिन 'रेगेरे' या धातूत आहे. त्याचा अर्थ सरळ मार्गाने नेणे. लॅटिन 'रेक्स' आणि संस्कृत 'राजन्' एकाच कुळातले. तसेच 'रिनोव्हेट'मधील 'नोवुस' आणि आपला 'नव'.

दोन राजवटींमधील रिक्त काळ म्हणजे 'इंटररेग्नम'. इंग्लंडमध्ये १६४९ साली पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. १६६० मध्ये त्याचा पुत्र गादीवर आला, ते 'रिस्टोरेशन', अर्थात पुनःस्थापना. त्याच्या राज्याची वर्षे मात्र कायद्याने १६४९ पासूनच मोजली गेली. राजाविना गेलेली अकरा वर्षे कागदोपत्री पुसली गेली.

'रिव्होल्यूशन'चा मूळ अर्थ फिरून येणे. १५४३ मधील कोपर्निकसच्या ग्रंथाच्या शीर्षकात तो ग्रहगोलांच्या परिभ्रमणासाठी योजलेला आहे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने जुने उलथून टाकणे हा अर्थ दृढ केला. सत्तांतराला दिलेले नाव हा निवाडाही असतो: 'पुनःस्थापना' म्हणणारा जुन्या सत्तेचा हक्क मान्य करतो, 'क्रांती' म्हणणारा तो नाकारतो.